चहाच्या आधी गार

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, मला बघायला आले तेव्हा त्यांनी आधी माझ्या स्कूटीला ऐकलं. मी आत पोह्यांच्या बश्या भरत होते आणि हे गृहस्थ खाली पार्किंगमध्ये! माझ्या भावाला स्कूटी चालू करायला लावून, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवून, मूठ कानाला लावून, डोळे मिटून उभे. वर आले ते बसायच्या आधीच म्हणाले, "पोरगी पसंत हाय. बेल्ट तेवढा बदलून घ्या." मला त्यांनी अजून पाहिलंसुद्धा नव्हतं. माझे वडील दोन दिवस विचार करत होते की बेल्ट नक्की कुणाचा बदलायचाय.

अण्णा मूळचे कराडकडचे. सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत, मेंटेनन्समध्ये गेली. बेअरिंग कुरकुरतंय का, पट्टा घासतोय का, हे ते स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ओळखायचे आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. "मशीन खोटं बोलत न्हाई पोरी," असं मला नेहमी सुनवायचे. "माणूस ठणठणीत दिसतंय आणि आतून निखळल्यालं असतंय." रिटायर होऊन पिंपळे गुरवच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसले, तेव्हा ऐकायला उरलं काय? फ्रिज, मिक्सर आणि सासूबाई. सासूबाईंना ऐकायला स्क्रूड्रायव्हर लागत नसे.

मग त्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर एवढंच म्हणाले होते की दगदग नको. सासूबाईंनी त्यावर स्वतःचा कायदा केला. शिडीवर चढायचं नाही, तिखट खायचं नाही, आणि टीव्हीला जोडलेल्या त्या गेमला तर हातच लावायचा नाही. हा गेमचा डबा माझ्या नवऱ्याने हौसेने आणलेला. पण त्याची शिफ्ट आणि ओव्हरटाइम यांतून त्याला सवड कुठली? मोटारींच्या शर्यतीत मी आणि अण्णाच गुंतलो होतो. एकदा अण्णा वळणावर गाडी घालताना "हट्ट्! सरक बाजूला!" असे ओरडले, त्यांचा चेहरा लालबुंद झाला, आणि तेवढ्यात सासूबाई दारात.

"पुन्हा हे चालू दिसलं ना, तर हा डबा कराडला माझ्या भाच्याकडं धाडून देईन," त्या म्हणाल्या. हे नुसतं बोलणं नव्हतं. अण्णांची मोटरसायकल आधीच त्याच भाच्याच्या अंगणात जाऊन उभी होती.

त्या संध्याकाळी अण्णा गॅलरीत माझ्याशी हळूच बोलले. "मोटरसायकल गेली, शिडी गेली. एवढं एकच चालतं मशीन राहिलंय माझ्या हाताखाली. हे गेलं की मी नुसता पेशंट." नेहमीचा मिश्कीलपणा त्यात नव्हता. तिथेच आमचा कट शिजला.

सासूबाई जेवण झालं की आतल्या खोलीत आडव्या होत, त्या चहाच्या वेळेला उठत. माझं काम घरूनच, त्यामुळे जेवणाची सुट्टी हाताशी होती. अडचणी दोन. डबा तापला की त्याचा पंखा घुंऽऽ करून घर डोक्यावर घेई, आणि सासूबाईंची झोप म्हणजे मांजराची. दुसरी अडचण त्याहून वाईट. माझा नवरा शाळेत असताना चोरून टीव्ही बघायचा, तेव्हा बाजारातून आल्या आल्या सासूबाई टीव्हीच्या पाठीला उलटा हात लावून त्याची चोरी पकडायच्या. आता तोच हात रोज चहाच्या आधी गेमच्या डब्याला लागू लागला. थोडक्यात काय, खेळताना आवाज नको आणि खेळून झाल्यावर ऊब नको.

"सेफ्टी झोपली का?" अण्णा खुणेनं विचारायचे. कंपनीतल्या सेफ्टी ऑफिसरचा त्यांनी जन्मभर धसका घेतलेला, म्हणून बायकोला हे नाव. मी दारातून बघून अंगठा दाखवला की काम सुरू. आधी सासूबाईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल डब्यावरून उचलून, घडी न मोडता बाजूला. मग डबा शोकेसच्या बंद कप्प्यातून बाहेर, भिंतीपासून वीतभर लांब. खाली पाय म्हणून खोकल्याच्या औषधाची बुचं, आणि बुचांखाली जुन्या चपलेचे रबराचे तुकडे, म्हणजे लाकडाला कंप जायला नको. जाळीतली धूळ ते दाढीच्या ब्रशने झाडायचे. मी एकदा उत्साहाने ओला नॅपकिन आणला, तर केवढ्याने डोळे वटारले!

"मशीन हाय ते, ताप आल्यालं पोर न्हाई! पाणी आत गेलं तर माझ्याआधी त्याचा नंबर लागंल."

खेळायचे मात्र अगदी सज्जनपणे. शर्यतीतसुद्धा डावीकडून ओव्हरटेक करणार नाहीत. हरले की म्हणायचे, "गाडी बरोबर हाय, रस्ता चुकीचा बांधलाय." मधेच थांबून तळहात डब्यामागे धरायचे. "श्वास गरम झाला. बास."

"अण्णा, शेवटचा लॅप! आपण जिंकतोय!"

"शेवटच्या लॅपलाच बेअरिंग जातंय. बंद कर."

मग टेबलफॅन डब्याकडे वळवून अण्णा पेपर घेऊन बसत. रुमाल परत पूर्वीसारखा, कोपऱ्याला कोपरा. सासूबाई उठायच्या, उलटा हात टेकवायच्या, डबा गार लागायचा. "आज शहाण्यासारखं बसलात हो," म्हणत चहाबरोबर एक बिस्किट जास्त द्यायच्या. ते बिस्किट अण्णा माझ्याकडे बघत इतक्या सावकाश खायचे की मला हसू आवरायला स्वयंपाकघरात पळावं लागे.

असे आमचे बरेच महिने सुखात गेले. घात केला तो खंडेनवमीने, आणि तोही अण्णांच्याच हट्टामुळे. या दिवशी घरातलं एकही यंत्र पूजेवाचून राहता कामा नये, हा त्यांचा कंपनीतला शिरस्ता. त्यांनी स्वतः मेन स्विच बंद केला आणि सासूबाई तबक घेऊन निघाल्या. मिक्सर झाला, वॉशिंग मशीन झालं, माझा लॅपटॉप झाला. गेमच्या डब्यापाशी त्या जरा थबकल्या.

"त्याला पण घाल की," अण्णा म्हणाले. "भेदभाव कशाला?" आणि मोठ्या मनाने त्यांनीच रुमाल उचलला. सासूबाईंनी झेंडूचं फूल ठेवलं आणि वरच्या जाळीवर सढळ हाताने हळद, कुंकू, अक्षता टाकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डबा चालू केला, तर आतून टर्रर्र... कट्... कट्... कट्! जणू आत कुणी अडकित्ता चालवतंय. अण्णांनी झटकन स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले.

"तांदूळ."

"कशावरून?"

"अख्खा हाय. कणी न्हाई."

त्याही परिस्थितीत केवढी ती ऐट! प्लग काढून, पेपर पसरून त्यांनी डबा उघडला. पंखा हळदीने पिवळाधमक. आणि त्याच्या पात्याशी, खरंच, एक अख्खा दाणा. तो काढायला अण्णांनी चिमटा पुढे केला, तोच वरून बांगड्यांचा हात आला आणि दाणा उचलून घेऊन गेला. सासूबाई!

"अगं, तुझ्याच अक्षता..." अण्णा चिमटा मागे घेत म्हणाले.

त्यांनी डबा, वायरी, स्क्रू, सगळं पेपरात गुंडाळलं आणि आपल्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. "रविवारी भाचा येतोय," एवढंच सांगितलं.

अण्णा रुसले नाहीत, भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सरळ स्वयंपाकघरात शिरले. मिक्सर खोलला आणि ओट्यावर पुठ्ठा लावला, 'दुरुस्ती चालू, हात लावू नये'. ऐन पोळ्यांच्या वेळेला गॅसची बटणं काढून ग्रीस भरायला घेतली. शिजत्या कुकरला स्क्रूड्रायव्हर लावून म्हणाले, "तिसरी शिट्टी पहिलीपेक्षा बारीक वाजते. वायसर बघायला पाहिजे." सासूबाई दात-ओठ खात होत्या. शनिवारी अण्णांनी फ्रिज भिंतीपासून ओढला आणि आतलं सगळं दूध-दही ओट्यावर मांडलं, तेव्हा मात्र बाईंचा धीर सुटला. कपाट उघडलं, पेपराचं गाठोडं आणून अण्णांच्या मांडीवर आदळलं.

"घ्या! पण माझ्यासमोर खेळायचं. ओरडायचं न्हाई. आणि माझ्या स्वयंपाकघरात पुन्हा दिसू नका!"

नंतर पोळ्या लाटताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला भीती वाटते गं त्यांच्या जिवाची. नुसते मोठ्यानं हसले तरी काळजात धस्स होतं. मी तरी काय करू?" मी त्यांच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि त्यांना पाणी दिलं. भाच्याला रविवारी लिंबाच्या लोणच्याची बरणी मिळाली.

त्यानंतर सासूबाईंची दुपारची झोप संपली. त्या डब्याशेजारी मेथी निवडत बसायच्या, एक हात भाजीवर, दुसरा उलटा डब्यावर. "तापलं हो. बास आता." असं त्या म्हणाल्या की अण्णा मुकाट्याने बंद करायचे. वर मला म्हणायचे, "बघ, सेफ्टीला मेंटेनन्समध्ये घेतली."

गेल्या थंडीत एका पहाटे अण्णा झोपेतच गेले. ना दगदग, ना आरडाओरडा. आजूबाजूचे म्हणाले, पुण्यवान माणूस. मला ते पुण्य वगैरे काही सुचलं नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप मिटला की कुठे बघावं तेच कळत नसे, आणि मी जुन्या सवयीने आतल्या खोलीच्या दाराकडे बघून अंगठा वर करायची.

यंदाच्या खंडेनवमीला सासूबाईंनी पूजा केली. डब्यावरचा क्रोशाचा रुमाल काढला, बोटाने कुंकवाचा एकच ठिपका लावला. अक्षता मात्र जाळीवर टाकल्या नाहीत, शेजारी वाटीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहाचं आधण ठेवत होते. त्या आतून आल्या आणि सवयीप्रमाणे उलटा हात डब्याला लावला. लावला तो काढीचनात.

"गार पडलंय गं," त्या म्हणाल्या.

मी गॅस बारीक केला.

"लाव जरा. तापू दे थोडं."