मी कापलेला मारवा

माझ्या मोबाईलमध्ये मामांनी गायलेला मारवा राग आहे. तो मी कधी लावत नाही. मला आठवतो तो त्याच्या आधीचा.

मामांचं बोरी गावात कापडाचं दुकान. सोमवारी तिन्हीसांजेला ते महादेवाच्या देवळात गायचे, मागं तंबोऱ्यावर मी. मारव्यात षड्जावर, म्हणजे घरच्या सुरावर, लवकर यायचं नसतं. मामा तर फारच उशीर लावायचे. मध्येच खाकरायचे, "सापडंना गड्या," म्हणून गप्प बसायचे, पुन्हा धैवताच्या सुरावर जाऊन उभे राहायचे. एकदाचा षड्ज लागला की खांबाला टेकलेले गुरव ओरडायचे, "आले बगा मामा घरी! ताट वाढा!" सगळं देऊळ हसायचं. मामाही.

एकदा मी ते मोबाईलवर घेतलं आणि परभणीला घरी येऊन कंप्युटरवर साफ केलं. खाकरणं काढलं, गप्प बसणं काढलं, फसलेल्या ताना काढल्या. पाऊण तासाचं गाणं बारा मिनिटांत बसलं. गावाच्या ग्रुपवर टाकलं, तर जो तो वाहवा करायला लागला. मामा गिऱ्हाइकांना ऐकवायचे. मला म्हणाले, "लय साफ लागलाय रे गळा त्या दिवशी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नुसती मान हलवली.

त्यानंतर देवळात गाताना मामा मध्ये थांबेनासे झाले. दुकानात मोबाईल कानाला लावून तोच मारवा घोकायचे, सोमवारी तेवढाच गायचे, आणि विचारायचे, "त्या दिवसावाणी झालं का?"

"जवळपास," मी म्हणायचो. ते घरी कधी पोचले, हे गुरवांनाही कळायचं नाही.

गेल्या श्रावणात मामा म्हणाले, "गळा गेला माझा. त्या दिवसावाणी न्हाई जमत. आता बंद करतो."

मग मला राहवेना. "मामा, त्या दिवशीबी तुमी तसं गायला न्हवता. मधलं मी कापलंय."

मामा बराच वेळ तागा गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे इतके दिवस मी तुझ्या कातरीची नक्कल करायलोय म्हण की!" आणि हसले. मला हसता आलं नाही.

"कापलेलं हाय का कुठं?"

"न्हाई. पुसलं."

पुढच्या सोमवारी ते गायला बसले. धैवतावर थांबले. गुरव खांब सोडून सरसावून बसले. तेवढ्यात मामांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं, थांबू ना, असं विचारल्यासारखं.

पूर्वी थांबले की ते कुणाकडं बघत नसत.