सांडशीचे दोन डाग

सई, ईशान,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही पेन्सिल्व्हेनियातला तो जुना लोहारखाना दाखवलात. पाण्याच्या चाकावर चालणारा हातोडा, कोळशाची भट्टी, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची अवजारं... गाईडने अर्धगोल तोंडाची लांब सांडशी कॅमेऱ्यासमोर धरली आणि आजोबा ताडकन उठून आत गेले. "आजी, आजोबा रागावले का?" असं तुम्ही विचारलंत. रागावले नव्हते. त्यांना विचारूनच मी हे लिहिते आहे.

आधीच सांगते, अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तुमच्या आईला मी लहानपणी भुताची एकही गोष्ट सांगितली नाही, कुणाला सांगू दिली नाही.

आजोबा तेव्हा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका फोर्जिंग कारखान्याचे मॅनेजर होते. तापून लाल झालेलं लोखंड सांडशीने ऐरणीवर धरायचं आणि वरून अवजड घण पाडायचा. तुमच्या लोहारखान्यात घण पाण्याने उचलत, इथे विजेने, एवढाच फरक. आमचा हॅमरही अमेरिकेतूनच सेकंड-हँड आलेला. तिथल्या कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून, एवढंच ऐकून होतो. त्यावर आधी कोण राबलं, ते कुणी विचारलं नाही.

खंडेनवमीला तिथे अवजारांची पूजा असायची. भट्टी आदल्या दिवशीच विझवलेली, वीज बंद. घण वर खटक्याला अडकवलेला, आणि नुसत्या खटक्याचा भरवसा नको म्हणून त्याच्याखाली जाड लाकडी टेकू. तेलाने काळाकुट्ट झालेला.

हॅमर चालवणारे पवार बुवापाड्यात राहायचे. पूजेला बायको-मुलांना घेऊन आले होते, फोटो काढायची घाई.

"वहिनी, हा ओंडका फोटोत कसा दिसेल? देवीसमोर राक्षस उभा केल्यासारखा!"

"राहू द्या हो पवार," आजोबा म्हणाले.

"साहेब, आज मशीनला सुट्टी आहे, तुम्ही पण ओरडायची सुट्टी घ्या की!"

सगळे हसले. आजोबाही हसले. पवारांनी टेकू काढून बाजूला ठेवला. ऐरणीवर देवीची तसबीर, पितळी ताट, झेंडू. नारळ ठेवायला आजोबा वाकले – डोकं आणि दोन्ही हात घणाखाली.

मी अगदी जवळ उभी होते. त्यांच्या अंगाला कुणीही हात लावला नाही, हे मी शपथेवर सांगेन. कुणीतरी कुशीला पकडावं तसे ते एकदम वर उचलले गेले आणि मागे भिरकावले गेले. पाय अधांतरी होते... डोकं लोखंडी रॅकवर आपटलं. त्याच क्षणी घण कोसळला. जमीन हादरली. ताटाचा पत्रा झाला. तसबिरीची काच उडून पवारांच्या गालात घुसली. किंकाळ्या, रक्त, आणि त्या सगळ्यात चामडी करपल्याचा वास.

आजोबांच्या सदऱ्याला दोन भोकं पडली होती. डाव्या बरगड्यांखाली एक डाग पुढे, एक मागे. आतलं मांस भाजलेलं.

उल्हासनगरचे सिंधी डॉक्टर माझ्यावरच खेकसले. "मॅडम, सच बोलो, कारखाने में झगड़ा हुआ ना? ये गरम लोहे का निशान है."

"डॉक्टर, भट्टी कल से बंद है."

"तो क्या अगरबत्ती से जला?"

पवार गालाला टाके घालून बाकावर बसले होते. म्हणाले, "वहिनी, बिघडलेला तुकडा आम्ही सांडशीत धरून ऐरणीवरून फेकतो ना... तसं फेकलं साहेबांना."

खटका झिजला होता, ते नंतर कळलं. म्हणजे घण का पडला याचं उत्तर आहे. पण आमच्याकडच्या साऱ्या सांडश्या सपाट तोंडाच्या, आणि डाग अर्धगोल. बरे झाल्यावर आजोबांनी एकेक सांडशी अंगाला लावून पाहिली. एकही जुळली नाही. मी त्यानंतर खूप वाचलं, खूप जणांना विचारलं. त्या डागांचं कारण आजही मला माहीत नाही.

कारखान्याच्या जागी आता गोदाम आहे. हॅमर भंगारात गेला. पवार मागेच आजारपणात गेले.

आजोबा आहेत. कात्रपच्या या घरात, शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले आहेत. दोन्ही हात शाबूत आहेत. दोन्ही डागही आहेत.