बसलिंगप्पाची हरकत

बसलिंगप्पा मला कधीच आवडला नाही. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. ज्यांना बोलायचं असेल त्यांनी बोलावं. मी घरपट्टीच्या कचेरीत आकारणी कारकून होतो, आणि माझ्या आकारणीवर लोकांना हरकती लिहून देणं हा त्याचा धंदा होता. सोलापुरात शुक्रवार पेठेत त्याचं घर. ओट्यावर एक घोंगडं, दौत-टाक आणि वर्षाचे बारा महिने आंबलेला चेहरा, एवढंच त्याचं दुकान.

आमचं काम तसं सोपं. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला काय येईल ते ठरवायचं आणि त्यावर पट्टी बसवायची. दर चार वर्षांनी नवी आकारणी निघाली की त्याच्या ओट्यावर झुंबड उडे. तो आधी गिऱ्हाइकाच्या घरी जाई, काठीनं भिंती ठोकी, माळवदावर चढून छपराची माती उकरून बघे आणि घरधन्यालाच झापी. "चुना कशाला फासलास? दारात रांगोळी कशापायी? पट्टी वाढवून पायजे का तुला?" पदरचे पैसे देऊन लोक शिव्या खात, कारण त्याच्या दहातल्या आठ हरकती मान्य होत.

खरी अडचण सुनावणीत यायची. तिथं कमिटीपुढं घरधन्याला स्वतःच्या तोंडानं घराची अवस्था सांगावी लागे, आणि तिथंच आमची माणसं कच खात. घराला वाईट बोलू नये, वास्तू 'तथास्तु' म्हणते, हे प्रत्येकाच्या हाडात मुरलेलं. चेअरमननी विचारावं, "भिंत पडायला आली आहे का?" आणि ज्यानं तसा अर्ज केलाय त्यानंच कानाला हात लावून म्हणावं, "छ्या छ्या, सिद्धरामेश्वराच्या कृपेनं लई भक्कम हाय की!" झालं, हरकत फेटाळली. मी मनातल्या मनात हसत असे.

बसलिंगप्पानं हे मोडून काढलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी तो गिऱ्हाइकांना ओट्यासमोर उभं करून घोकून घेई. "म्हण, माझं घर पडायला झालंय." माणूस चाचरला की हा ओरडे, "वास्तूला काय कान हायती व्हय? माती हाय ती, नुसती माती! म्हण!" तेवीस साली गोजाबाई म्हणून एक धनगराची बाई आली होती. तीन वेळा तिला रडू फुटलं, चौथ्यांदा तिनं म्हटलं. तिची पट्टी निम्मी झाली.

त्याच सुनावणीत माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "सायेब, ह्ये कारकून भिंती बघत न्हाईत. रांगोळी बघून आकडा टाकत्यात." चेअरमन पोट धरून हसले. पुढं महिनाभर कचेरीतला शिपाईसुद्धा मला 'रांगोळीवाले' म्हणत होता. हे मी विसरणं शक्य नव्हतं.

सत्तावीस सालची आकारणी आली, तेव्हा त्याच्या घराची मोजणी मी मुद्दाम मागून घेतली. त्याच्या बायकोनं, नागव्वानं, पाण्याचा तांब्या पुढं केला, तो मी घेतला नाही. मागच्या खोलीला गल्लीकडून वेगळं दार होतं. तिच्या भिंतीला असा तडा गेला होता की माझा अख्खा पंजा आत गेला. मी लिहिलं, खोली पक्की, स्वतंत्र, भाड्यानं देण्याजोगी. पट्टी दुप्पट झाली. त्याला ती झेपणारी नव्हती, म्हणजे हरकत घेणं भागच होतं. कमिटीपुढं आपलंच घर पडकं म्हणताना मला तो बघायचा होता.

त्या खोलीत त्याची मुलगी निंगव्वा निजलेली होती. मैंदर्गीहून बाळंतपणाला आलेली, दिवस भरत आलेले. आधीची दोन मुलं पोटातच गेली होती, हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

सुनावणीला ही गर्दी. त्याची जुनी गिऱ्हाइकं आपापले कागद घेऊन भिंतीशी बसलेली, त्यांत गोजाबाईही होती. उस्ताद स्वतःची कुस्ती कशी खेळतो, ते सगळ्यांनाच बघायचं होतं.

"मागच्या खोलीची भिंत कशी आहे, बसलिंगप्पा?" चेअरमननी विचारलं.

"सायेब, आकारणी जादा हाय."

"ते अर्जात आहेच. भिंत कशी आहे? तडा गेलाय? पडायला आली आहे?"

त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. सगळ्या पेठेची घरं ज्या जिभेनं पाडली, ती हलेना. कपाळावरच्या भस्मातून घाम उतरला. शेवटी खाली बघत तो म्हणाला, "घर झ्याक हाय, सायेब. काय बी झालं न्हाय घराला."

"मग हरकत कशाची?" चेअरमन वैतागले आणि माझ्याकडे वळले. "कारकून, तुम्ही पाहिलंय ना घर? तुम्ही सांगा."

तडा आहे, एवढं म्हटलं असतं तर त्याची पट्टी उतरली असती. मी म्हणालो, "भिंत उत्तम आहे, साहेब. शंभर वर्षं हलायची नाही."

आता हा मला शिव्या घालणार, म्हणून मी तयारच होतो. त्यानं दोन्ही हात जोडले. डोळे भरले होते. "तुमच्या तोंडात साखर पडो, सायेब," तो म्हणाला. टोमणा नव्हता तो. माझं खोटं त्यानं लेकीसाठी आशीर्वाद म्हणून घेतलं. मला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

बाहेरच्या पडवीत गोजाबाईनं त्याला गाठलं. "तुझ्या घराला वास्तू, आन आमच्या घराला माती व्हय रं मुडद्या? माझ्या तोंडनं वदवलंस तू! त्याच पावसाळ्यात माझा येडू गेला. धडधाकट नवरा माझा!"

तो वाकून तिच्या पायांना हात लावायला गेला. तिनं पाय मागं घेतले. बाकीचे आपापले कागद घेऊन त्याच्याकडे न बघता निघून गेले.

निंगव्वा सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. बसलिंगप्पानं पुन्हा हरकत लिहिली नाही; लोकांनी लिहू दिली नाही. नागव्वा खाणावळीला भाकऱ्या थापून देई, त्यावर घर चाले. दरसाल तो माझ्या खिडकीशी येऊन दुप्पट पट्टी भरी, हात जोडी आणि जाई. भिंत लिंपायला त्याच्याकडे कधी काही उरलं नाही.

पुढच्या आकारणीला मी पुन्हा त्या घरी गेलो. आकडा उतरवणं माझ्या हातात होतं. भिंत पडायला आली आहे, एवढं लिहायचं होतं. आत त्याच खोलीत निंगव्वा पुन्हा बाळंतपणाला आलेली होती. मी टाक दौतीत बुडवला, तसाच धरून उभा राहिलो आणि लिहिलं, भिंत उत्तम.