घड्याळाने दिलेलं वय

"तुझे दाजी पळता पळता पडले रे," एवढंच आक्का फोनवर बोलली. गंगापूर रोडच्या दवाखान्यात पोचलो तोवर सगळं संपलं होतं... दाजींच्या मनगटावरचं घड्याळ मात्र चालूच होतं. मला त्याचा इतका संताप आला, की उचलून भिंतीवर आपटावंसं वाटलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, मूळचे निफाडकडचे. बँकेतून निवृत्त झाले आणि पळायला लागले. लेकीने पळण्याचं घड्याळ भेट दिलं. नाडी आणि वेग ताडून ते शरीराचं वय सांगायचं. दाजींना त्याने बेचाळीस दिलं, मग काय, स्वारी हवेतच! मला, पन्नाशीतल्या मेहुण्याला, 'काका' म्हणू लागले.

दिवाळीनंतर चढावर त्यांची छाती आवळायला लागली. थांबायचे, पाणी प्यायचे, पुन्हा पळायचे. आक्का डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली, की मनगट पुढे करायचे. "हे बघ, बेचाळीस! मला काय धाड भरलीय?"

शेवटी मी त्या घड्याळाची माहिती वाचून काढली. आपण भरलेल्या जन्मतारखेवरून ते हृदयाची कमाल गती धरतं. दाजींची तारीख एक जून, शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने लावलेली. आमच्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. त्यांची आई नेहमी म्हणायची, "कागदापेक्षा चांगला तीन-चार वर्षांनी थोरला हाय तो."

"दाजी, तुम्ही वय कमी सांगितलंय, म्हणून ते तुम्हाला जास्त दमदार समजतंय," मी म्हणालो. "आणि रक्तवाहिनी तुंबली तर त्याला कळणारही नाही. उद्याच तपासून घ्या."

"लय शिकला तू," ते हसत म्हणाले, पण चिडले होते. "रविवारची स्पर्धा होऊ दे, मग जाऊ." स्पर्धेच्या तीन दिवस आधीच ते गेले.

घड्याळ आता आक्का वापरते. सकाळी तेच घालून चालायला जाते. आतलं नाव आणि तारीख दाजींचीच आहे, ती बदलू देत नाही. त्यामुळे धाप लागते तिला, आणि वय वाढतं दाजींचं.

परवा तिचा फोन आला.

"पासष्ट दाखवतंय बघ. मी म्हणत नव्हते? आता तरी ऐकतील का रे हे?"