दुरुस्ती इथेच होईल

ज्योतीचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला पाठीवरच्या फवारणी पंपाचा वॉशर बदलून देत होतो. ज्योती ही भास्करच्या कारखान्यातली मुख्य मेकॅनिक, कामाशिवाय फोन करत नाही. भास्करला तिथे सगळे नाना म्हणत. म्हणाली, "शेठ, नाना गेले." मी "बरं" म्हणालो आणि वॉशर बसवून दिला. गिऱ्हाईक गेल्यावर शटर अर्धं ओढलं, तेव्हा लक्षात आलं की जायचं कुठे, दवाखान्यात की घरी, हे विचारायचंच राहिलं... आता काही आठवडे झाले. लोक भास्करबद्दल नुसतं चांगलं बोलतायत. नुसतं चांगलं बोललं की तो भास्कर वाटत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

धुळ्याच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. तो धरणगावकडच्या पाटलांचा, मी जळगावच्या मारवाडी दुकानदाराचा. पुढे तो दीपनगरच्या वीज केंद्रात मोजमापाची उपकरणं सांभाळायला लागला आणि मी वडिलांच्या गल्ल्यावर बसलो. चांगली नोकरी, कॉलनीत चांगलं घर, आणि एक दिवस हे सगळं सोडून यानं नशिराबादजवळ शेड भाड्यानं घेतली. कशासाठी, तर फवारणीच्या ड्रोनसाठी. मी पंप विकणारा माणूस. माझ्या पोटावर पाय देणारा धंदा हा माझ्याच दुकानात बसून मला समजावून सांगायचा, वर चहाही माझाच प्यायचा.

त्याचं म्हणणं साधं होतं. ड्रोन गावोगाव येणारच, पण बिघडलं की ते पुण्याला जातं आणि परत येईपर्यंत कापसाची फवारणीची वेळ टळून गेलेली असते. म्हणून दुरुस्ती इथेच झाली पाहिजे. दुरुस्ती इथे झाली की सुटे भागही हळूहळू इथेच बनतील. आपल्या अहिराणीत म्हणायचा, "शेठ, मोटारी भरनारा आपलाकडे गल्लोगल्ली शेतस. ठिबकना नोझल बनावनारा शेतस. मंग पुनाले कसाले जावानं?" विहिरीच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरण्यात हयात गेलेल्या कारागिरांना त्यानं मुठीत मावणाऱ्या मोटारी भरायला बसवलं. पाइपवाल्याकडून औषधाच्या टाक्या ओतून घेतल्या. पहिल्या टाक्या गळक्या निघाल्या. त्यानं त्या परत पाठवल्या, पुन्हा परत पाठवल्या, आणि पाइपवाला माझ्याकडे येऊन त्याच्या नावानं बोटं मोडून गेला. भास्कर तापट होता, समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचा नाही, आणि हंगामात सख्ख्या भाचीच्या लग्नालाही फक्त अक्षता टाकायला आला होता.

धरणगावजवळच्या एका आबांनी त्याचं पहिलं मशीन घेतलं. मीही पाहायला गेलो होतो, खरं म्हणजे ते पडतं का ते पाहायला. आबांच्या घरच्या अक्कांनी मशीनची पूजा केली. हार घातला, नारळ फोडला, हळद-कुंकू लावलं. मशीन वर उठलं आणि जागच्या जागी घोंघावत राहिलं, पुढे जाईचना. गाव जमलेलं. ज्योतीनं ते उतरवून सगळं तपासलं. पुढच्या बाजूला आडवं काही आलं तर ओळखणारं भिंग असतं, आणि अक्कांनी बरोबर त्यावरच कुंकवाचं बोट टेकवलं होतं. समोर भिंत आहे असं समजून मशीन अडून बसलं होतं. अक्का ओशाळल्या. मला वाटलं, आता हा भडकणार. पण तो म्हणाला, "अक्का, तुमनी काय चूक नही. कपाळ तठेच शे." त्यानंतर त्याच्या प्रत्येक मशीनला भिंगाच्या वर पत्र्याची एक लहानशी चकती असायची, कुंकू लावायला. बाहेरचे इंजिनिअर हसायचे, उगाच वजन वाढवलंय म्हणायचे. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

पुढे पुण्याच्या एका कंपनीचे लोक आले. सगळा कारखाना घेतो, सगळ्यांना नोकरी देतो, पण काम पुण्यात हलवायचं. भास्करनं नाही म्हटलं. मी त्याला तोंडावर मूर्ख म्हणालो. "तू पंप विक," एवढंच बोलून तो गेला आणि बरेच दिवस दुकानाकडे फिरकला नाही. त्याची दोन माणसं पुण्याला गेलीच. त्यातल्या एकाला त्यानं स्वतःचं वीज तपासायचं मीटर देऊन टाकलं, हे मला ज्योतीकडून कळलं.

दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत तो हळू बोलत होता. "मी गेलो की त्या पुनाना लोके परत येतीन. ज्योतीले बलावतीन. तिनी जावाले पाहिजे, तिनं वय शे..." मग म्हणाला, "पन शेड बंद पडनी तर लोके म्हनतीन, हाई काम आपलं नव्हतंच." मी काहीतरी धीराचं बोललो. त्यानं ते ऐकून घेतलं नाही.

कंपनीचा माणूस दहाव्याला येऊन गेला आणि ज्योतीला नंबर देऊन गेला. ती जाणार की राहणार, मला कळत नव्हतं. गेल्या आठवड्यात शेडवर गेलो. भास्करला केबिन नव्हती. त्याचं टेबल दारातच असायचं, बिघडलेलं मशीन घेऊन येणाऱ्याला आधी तोच दिसावा म्हणून. त्या खुर्चीत आता त्याचा हार घातलेला फोटो ठेवला होता. नानांच्या खुर्चीत बसायचं कुणी, म्हणून सगळे आत मागच्या बाजूला काम करत होते. मी उभ्यानंच चहा घेत होतो, एवढ्यात शिरपूरकडची एक गाडी थांबली. मागे पंख्याचा हात मोडलेलं ड्रोन होतं. शेतकरी दारापर्यंत आला, फोटो पाहिला, टोपी काढून हात जोडले आणि परत वळला. जाता जाता मला विचारलं, "बंद पडनं का भाऊ हाई? कालदिन बी दोन जण असाच परत गयात म्हने."

ज्योती आतून आली. तिनं ऐकलं होतं. क्षणभर ती खुर्चीकडे पाहत राहिली. मग फोटो उचलून तिनं माझ्या हातात दिला, पदराला हात पुसले आणि खुर्चीत बसली. "नही भाऊ, चालू शे," ती म्हणाली. "मशीन आठे आना. काय व्हयनं ते सांगा."

त्यानं मशीन आणलं, ती प्रश्न विचारू लागली. फोटो कुठे ठेवायचा हे तिनं सांगितलं नाही, तो माझ्या हातातच राहिला. भास्कर गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. ते तिथे दारात, गिऱ्हाइकासमोर आलं.