सोनं झालं म्हणे!

आई गेली तेव्हा लोकांनी आमचं अभिनंदन करायचं तेवढं बाकी ठेवलं. हिरवं पातळ, हातभर चुडा, कपाळावर मळवट. बायका रांगेनं येऊन तिची ओटी भरत होत्या आणि तिच्या कपाळाचं कुंकू आपल्या कपाळाला लावून घेत होत्या. "सोनं झालं माह्या वहिनीचं," आत्या डोळे पुसत म्हणाली, "नवऱ्याच्या आंधी गेली. आखीन काय पायजे बाईले?"

काय पाहिजे? जगायला पाहिजे होतं! शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात माझं मनगट धरून आई म्हणाली होती, "मले इतक्यात नाई जाचं वं." भीती वाटत होती तिला. हे मी आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, असं बोलू नये, तिच्या आत्म्याले त्रास होते. म्हणजे आईनं जिवंतपणी बोललेलंसुद्धा आता आम्ही बोलायचं नाही.

माझा संताप झाला तो जास्त बाबांसाठी. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर ते बसलेले, आणि जो येईल तो त्यांच्या पाठीवर थाप मारून तेच सांगे, सोनं झालं, भाऊ. सोनं झालं म्हटल्यावर रडायचं कशाला? नंतरही ते आईचं काही सांगायला लागले की समोरचा तेवढ्याच दोन शब्दांत त्यांचं तोंड बंद करी. हळूहळू बाबांनी तिचं नाव काढणंच सोडलं. मी अकोल्याहून दर रविवारी एसटीनं अमरावतीला यायची. बाबा समोर बसून अर्धी पोळी चिवडत राहायचे. विचारलं की म्हणायचे, "भूकच नाई." माणूस डोळ्यांदेखत वाळत होता आणि नातेवाईक नशिबाचं कौतुक करण्यात गुंग.

अपवाद एकच, शेजारच्या काकू. त्यांचा नवरा फार पूर्वी गेलेला. आईच्या आजारपणात तिची वेणी त्याच घालायच्या, पेज त्याच भरवायच्या. आई गेल्यावर त्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "लय वाईट झालं, भाऊ. जायाले नोको होतं तिनं." बाबा पहिल्यांदा रडले ते तेव्हा. पण लगेच आत्यानं घरातून हाक मारली, "मर्दानं असं रडाचं असते का?" आणि ते गप्प झाले.

वर्ष उलटलं. पितृपक्षातली अविधवा नवमी आली. सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी एक सवाष्ण जेवू घालायची, साडीचोळी द्यायची. सवाष्ण आत्यानंच ठरवली. त्या बाईनं आईला कधी पाहिलंही नव्हतं. नवमीच्या दिवशी सवाष्णींना भारी मागणी असते. हिला आणखी दोन घरी जेवायचं होतं, त्यामुळे पाटावर बसल्या बसल्या तिचा एक डोळा घड्याळावर. आईच्या नावाचं जेवण, आणि खाणारी घाईत! माझ्या ओठांवर शिव्या आल्या होत्या.

तेवढ्यात बाबा उठले. देवघरातून दुसरा पाट आणून त्यांनी शेजारी मांडला, आणि दारात उभ्या असलेल्या काकूंना म्हणाले, "वहिनी, बसा."

आत्यानं हातातली कढीची वाटी खाली आदळली. "दादा, डोकं फिरलं का तुह्यं? आजच्या दिवशी तिले पाटावर कशी बसवतं? माह्या वहिनीले हे जेवन पोचंल का मंग?"

"राहू द्या, भाऊ," काकू मागे सरकल्या. "मी घरी जेवतो."

"काहून राहू देऊ?" बाबांचा इतका चढलेला आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "इचा नवरा गेला, माही बायको गेली. दोघाईचं मानूस गेलं. मले तं वर्षभर पंगतीत पयला पाट देऊन राहिले तुमी. मंग इनंच काय पाप केलं?"

आत्या तणतणत स्वयंपाकघरात गेली. मी काकूंचा हात धरून त्यांना पाटावर बसवलं. बाबांनी स्वतः ताट वाढलं, आईची एकेक साडीसुद्धा दोघींना दिली. काकूंनी खिरीचा एक घास घेतला आणि थांबल्या.

"तिच्या हातची खीर याच्याहून पातळ राहे," त्या म्हणाल्या. "मी दरवेळी बोलो तिले. आयकेच नाई."

"नाईच आयके," बाबा म्हणाले. "मलेबी पातळच आवडे, म्हनून."

एवढं बोलून ते काकूंसमोर खाली बसले आणि लहान मुलासारखे मोठ्यानं रडायला लागले. आत्या दारात आली, तोंड उघडलं, आणि मी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं ते मिटलं. बाबा पोटभर रडले. मग त्यांनी आपलं ताट मागितलं.