अर्धा वेढा

सोनीबाई घुटी उगाळायला बसली, की वाडीत कुणी तिच्याशी बोलायला जात नसे. गेलं तरी उपयोग नव्हता. एकदा सरपंच अंगणात येऊन दोन हाका मारून उभे राहिले, तरी म्हातारीने मान वर केली नाही. "ऐकू कमी येतं का काय आता?" असं त्यांनी सुनेला विचारलं. सून नूतन म्हणाली, "न्हाय वो, मोजतीया." सरपंच चहा न घेताच गेले.

मोजणं सगळं मनातल्या मनात. सहाणेवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे, हिरडा धरून हात गोल फिरवायचा. तो झाला एक वेढा. मग बेहडा, मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, ज्याचा त्याचा वेढा ठरलेला. पोर किती महिन्यांचं, शी कशी होते, रात्री किती रडतं, हे सगळं आधी विचारून घ्यायचं आणि मग तोंड बंद. जायफळ मात्र कुणाचंही पोर असो, अर्धा वेढा. त्याबद्दल तिचं प्रत्येक नव्या आईला एकच सांगणं असे, "अर्ध्यानं पोर निजतं. एकानं सुस्तावतं. त्याच्या फुडचं मी सांगत न्हाय, आन् तू इचारू नगं."

शिनोलीच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून वीसेक घरांची ही वाडी. वाडीतली निम्मी पोरं सोनीबाईच्या घुटीवर वाढली. बाळंतीण घरी आली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोलावणं ठरलेलंच. खाली शिनोलीतूनही येई. ती पदराखाली सहाण घेऊन चालत जायची आणि बाळंतिणीच्या उशाशी बसून आधी घरातल्या सगळ्यांना बाहेर काढायची. सहाण माहेरची. लग्नात बाकी काही मिळालं नाही, एवढा दगड मिळाला, असं ती सांगे. आणि त्यात तक्रार नसे, तोरा असे. वय साठीला दोन कमी. आधार कार्डावर त्रेसष्ट आहे, पण आधार कार्ड चुकलं आहे, असं तिचं म्हणणं.

घरात दुकानातून यायचं ते मीठ, साखर, चहापत्ती, काडेपेटी आणि मोबाइलचं रिचार्ज. बाकी सगळं घरचं. भात घरचा, नाचणी घरची, गोधड्या जुन्या लुगड्यांच्या. नातीची बाहुली बापाच्या फाटक्या बनियनची, पोटात भाताचा कोंडा. तिला डोळे म्हणून शर्टाची दोन बटणं लावली होती, एक पांढरं, एक निळं. नात तनू पाच वर्षांची. तिच्या पाठीवरचा बहिरू पाच महिन्यांचा. आजोबाचं नाव ठेवायचं असा सोनीबाईचा हट्ट, आणि बहिरू हे काय नाव झालं, असं नूतनचं म्हणणं. शेवटी जन्मदाखल्यावर रियांश लागलं. पण रियांश म्हणून हाक मारली तर पोर बघत नाही. बहिरू म्हटलं की हसतं. म्हातारीने तो खटला तिथेच जिंकला.

नूतन आळे गावाकडची. आईबाप तिथल्या मळ्यावर कामाला होते. कालव्याचं पाणी, टोमॅटोचे ढीग, फाट्यावर मागाल ते मिळणार. बारावी पास पोरगी या डोंगरात आली तेव्हा तनूच्या वेळी घुटीला ठाम नाही म्हणाली होती. बाटलीतलं औषध आणवलं होतं. तनू तीन रात्री रडली. चौथ्या दिवशी नूतननेच सहाण धुऊन सासूपुढे ठेवली. त्याला आता पाच वर्षं झाली. मागच्या दिवाळीला बायकांत बसून नूतन म्हणाली, "आत्यांच्या हातावर मी पोर डोळं झाकून टाकते." सोनीबाईने ऐकलं नाही असं दाखवलं आणि तेवढं वाक्य आयुष्यभराच्या मिळकतीत जमा करून टाकलं.

हे झालं तिचं चांगलं. आता दुसरं.

वैशाखात बाळहिरड्याचे, म्हणजे कोवळा हिरडा तोडून विकण्याचे दिवस असतात. मुलगा ऋतिक आणि नूतन दिवस उजाडायच्या आत रानात जायचे. तो झाडावर, ती खाली. आणलेला हिरडा अंगणात पसरायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. एक सर जरी लागली तरी बुरशी धरते आणि पंधरा दिवसांचं काम पाण्यात जातं. वाळवणाची राखण सोनीबाईकडे, आणि दोन्ही पोरं सोनीबाईकडे.

त्या दिवशी बहिरू सकाळपासून किरकिर करत होता. खाली ठेवला की रडे, घेतला की गप्प. नऊच्या सुमारास डोंगरामागून काळा ढग डोकावला. अंगणभर हिरडा पसरलेला, हातात पोर, आणि आकाश असं. तनू एकटी काय काय करणार? सोनीबाईने ढगाकडे बघितलं, पोराकडे बघितलं, आणि सहाण काढली.

त्या दिवशी तिने हिरडा उगाळला नाही, वेखंड नाही, काही नाही. नुसतं जायफळ. अर्धा वेढा झाला तेव्हा हात थांबायला हवा होता. चाळीस वर्षं तो तिथेच थांबला होता. तो पुढे गेला. एक. दीड. दोन. चुकून झालं, असं नंतर तिला स्वतःलाही म्हणता आलं नाही, कारण ती मोजत होती. अडीचावर तिने जायफळ खाली ठेवलं, बोटाने बाळाच्या जिभेवर लावलं आणि पोराला झोळीत टाकलं. तो दहा मिनिटांत निजला. तिने सगळा हिरडा गोळा करून पडवीत ओढला, वर ताडपत्री टाकली, चार दगड ठेवले. तनूने नेहमीप्रमाणे सहाण धुतली. ते तिचं काम होतं, आणि धुण्याआधी बोटाने चाटून बघणं ही तिची खोड.

पाऊस आलाच नाही. ढग तसाच पलीकडे सरकून गेला आणि अकराला ऊन तापलं.

दुपारी नूतन आली ती छाती दुधाने भरून आल्यामुळे घाईने आली. पोराला झोळीतून काढलं, छातीशी धरलं. ते तोंड लावीना. तळव्याला टिचकी मारली, तोंडावर पाणी शिंपडलं. मान एका अंगाला गेली, तशीच राहिली. ओठ कोरडे पडले होते. श्वास होता.

"आत्या, काय दिलं व्हतं ह्याला?"

सोनीबाई तोंड उघडणार, तेवढ्यात नूतनची नजर तनूकडे गेली. तनू कोपऱ्यात बाहुलीला मांडीवर घेऊन बसली होती. समोर सहाण, सहाणेवर पाणी, बोटांना पिवळट-तपकिरी डाग, आणि जायफळ पोरीच्या हातात. ती बाहुलीला घुटी देत होती.

"तू दिलं बाळाला? ह्ये दिलं?"

आईचा आवाज असा लागला, की पोरीने मान हलवली. पाच वर्षांच्या पोराला त्या आवाजात काहीही विचारा, ते होच म्हणतं. नूतनने एक सणसणीत कानाखाली दिली. तनू बाहुलीसकट भिंतीवर आपटली आणि आधी आईकडे नाही, आजीकडे बघायला लागली.

सोनीबाई गप्प राहिली.

का राहिली, याची कारणं तिने पुढे जीपमध्ये बसून गोळा केली. आधी पोराला दवाखान्यात नेऊ दे. आता बोलले तर भांडणात वेळ जाईल. पोरीला लागलं ते लागलं, पोरं मार विसरतात. सगळी कारणं धड होती आणि एकही खरं नव्हतं. खरं एवढंच होतं, की तिला भीती वाटली. वाडी काय म्हणेल ही नाही. नूतन काय म्हणेल ही. दिवाळीचं ते वाक्य आता परत द्यावं लागणार होतं.

जीप वाडीतल्या सावळेरामची. एरवी पंधरा माणसं भरल्याशिवाय हलत नाही, त्या दिवशी पाचांवर निघाली. पुढे रानातून धावत आलेला ऋतिक, मागे मांडीवर पोर घेऊन नूतन, समोर सोनीबाई आणि तिच्या शेजारी तनू. पोरीच्या गालावर बोटं उमटली होती. ती रडत नव्हती. हात मात्र फ्रॉकला पुशीत होती, शिनोली येईपर्यंत आणि शिनोलीच्या पुढेही.

घोडेगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोराला तपासलं, बुबुळांवर बॅटरी मारली आणि विचारलं, "काय पोटात गेलंय?"

"जायफळ," नूतन म्हणाली. "पोरीनं खेळता खेळता दिलं. कोण बघाया नव्हतं."

हे "कोण बघाया नव्हतं" सोनीबाईला उद्देशून होतं, आणि तेवढा आरोप तिला चालण्यासारखा होता. लक्ष नव्हतं, एवढंच. म्हाताऱ्या माणसाला तेवढं माफ असतं.

"किती दिलं?"

"काय म्हाईत बाई."

डॉक्टरीणबाई खाली वाकल्या. "बाळा, तू किती वेळा उगाळलंस? सांग. मी नाही मारणार."

तनूने आईकडे बघितलं, डॉक्टरकडे बघितलं. तिला दहापर्यंत आकडे येत होते आणि दहा हा सगळ्यांत मोठा होता. "धा," ती म्हणाली.

"दहा?" डॉक्टरीणबाई ताठ झाल्या. "एवढ्याशा बाळाला दहा म्हणजे फार झालं. मग इथे ठेवून घेणं धोक्याचं आहे. पुण्याला हलवावं लागेल. सिस्टर, गाडी बोलवा." मग ऋतिककडे वळून म्हणाल्या, "वाटेत त्रास होऊ शकतो. सही करावी लागेल."

ऋतिकने पेन हातात घेतलं.

"अडीच," सोनीबाई म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही. तिने परत सांगितलं, आणि या वेळी ती ओरडली, "अडीच वेढं! धा न्हाईत. मी दिलं. पोरीनं न्हाय दिलं, मी दिलं. नऊ वाजता. नुसतं जायफळ, दुसरं काय न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे क्षणभर बघितलं. "नक्की का आजी? अडीच?"

"माझं मोजणं चुकत न्हाय," सोनीबाई म्हणाली. आयुष्यात हे वाक्य तिने शंभर वेळा म्हटलं असेल. या वेळी तिला त्याची लाज वाटली.

पुण्याची गाडी थांबवली. पोराला सलाइन लावलं, नळ्या लावल्या, दर थोड्या वेळाने सिस्टर येऊन बघून जात होती. ऋतिक आईजवळ येऊन उभा राहिला. "आये, तू मघाशी का न्हाय बोललीस?" त्याने एवढंच विचारलं. नूतनने तर विचारलंही नाही. ती पोराच्या उशाशी बसून होती, आणि तनू बाकाच्या टोकाला, दोघींपासून सारख्याच लांब.

साडेपाचला बहिरूने पाय झाडला, आधी चादर ओली केली आणि मग भोकाड पसरलं. सिस्टर हसली. नूतन रडली, ऋतिक बाहेर जाऊन रडला. डॉक्टरीणबाईंनी एक दिवस ठेवून घेतलं आणि सोडताना सगळ्यांसमोर बजावलं, जायफळ नाही, घुटी नाही, काही नाही. सोनीबाईने मान हलवली. घरी आल्यावर जायफळ चुलीत टाकलं. सहाण फळीवरच्या डब्यांमागे सरकवली. वाडीतल्या बायका चौकशीला आल्या, तेव्हा नूतन बोलायच्या आत तिनेच सगळं सांगून टाकलं, ढगापासून कानाखालीपर्यंत. काही बायका हळहळल्या. एक-दोघींनी आपापली पोरं उगीच जवळ ओढली. त्यानंतर बोलावणं आलं नाही. तिने आशाही धरली नाही. झालं ते रास्तच झालं, असं तिला वाटे, आणि रास्त असलं तरी सकाळी उठल्यावर हाताला काही काम नाही हे बोचतही असे.

नूतन बोलत होती. भाकरी वाढत होती, "आत्या, च्या घ्या" म्हणत होती. पण बहिरूला पाठीला बांधून रानात नेत होती. काट्याकुट्यातून, उन्हातून. पंधरा दिवस तिने पोर सासूच्या हातावर ठेवलं नाही. तनूला ती शेजारी रत्नाकडे सोडून जाई.

मग राब भाजायचा दिवस आला. भाताचं रोप टाकण्याआधी शेतात पालापाचोळा, शेण पसरून पेटवायचं, दिवसभर धूर आणि आग. तिथे पोर नेता येत नाही. रत्नाही स्वतःच्या राबावर गेलेली. नूतन सकाळी तयार होऊन उंबऱ्यात बराच वेळ उभी राहिली. मग आत आली आणि बहिरूला सोनीबाईपुढे धरलं.

"आत्या, धरा."

सोनीबाईने दोन्ही हात लुगड्याला पुसले आणि पोर घेतलं. तिला काहीतरी बोलायचं होतं. नूतनलाही असावं. नूतनने कोयता उचलला.

तेवढ्यात तनू आतून पळत आली आणि आईच्या वाटेत उभी राहिली. तिने दोन्ही हात पुढे केले, आधी तळवे, मग उलटे करून बोटं.

"मम्मे, जायच्या आधी माझं हात बघून ठेव."

पोरीने हात आणखी वर धरले, नीट दिसावेत म्हणून. मग ती वळली आणि तसेच हात आजीलाही दाखवले.

"आजे, तू पन बघ. कोरडं हायेत."